पत्ता नाही सांगणार

भोयरबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या छत्रीनं करून दिली. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. नागपूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून नुकताच लागलो होतो आणि पहिल्याच सहलीत, पोरांवर छाप पाडावी म्हणून, कुंपणावरच्या कळलावीच्या फुलाला हात घातला. छत्रीची मूठ मनगटावर अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं. वळून पाहिलं तर काळी फ्रेम, घट्ट अंबाडा आणि माझ्या आईच्या वयाची एक बाई.

"काहून जी, हात खाजवून राहिला काय? पाहाले डोळे दिले देवानं, तोडाले कोणी सांगतलं?"

चाळीस पोरं दात काढत होती. माझ्याच विभागातल्या या ज्येष्ठ बाईंशी माझं वैर त्या दिवशी सुरू झालं आणि ते मी इमानेइतबारे निभावलं.

भोयरबाई शहरातल्या महाल भागात एकट्या राहत. वर्गात त्यांची मराठी शुद्ध, पुस्तकी. पण राग आला की थेट गावाकडची वऱ्हाडी बाहेर पडे, आणि राग त्यांना रोजच येई. पोरांना त्या चिखलात गुडघे टेकायला लावत. "उभ्यानं फूल दिसत नाही, फक्त रंग दिसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विष्णुक्रांतेचं निळं फूल नखाएवढं. ते ओळखायला त्यांनी एका मुलीला भर पावसात पंधरा मिनिटं बसवून ठेवलं होतं. गाजरगवत मात्र दिसलं की उपटायच्या, हातांवर पुरळ उठलं तरी. परक्या मुलखातून आलेलं ते तण त्यांना माणसांपेक्षा जास्त खटके, आणि माणसं काही कमी खटकत नसत.

दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "नाव सांगीन, पत्ता नाही सांगणार." कुठलंही रानफूल समोर धरा, बाई नाव, कूळ, बहराचा महिना सगळं सांगत. ते आणखी कुठे उगवतं म्हणून विचारलं की तोंडाला कुलूप.

माझं नेमकं तिथेच अडलं. मी नागपूरच्या आसपासच्या रानफुलांवर पीएच.डी. करत होतो. खर्पुडी नावाची एक नाजूक वेल इथे उगवते अशी जुनी नोंद होती. काटेरी झुडपाच्या आत लपून वाढणारी, कंदिलाच्या आकाराच्या फुलांची. मला ती चार पावसाळे सापडली नाही. बाईंना ठाऊक होती, हे सगळा विभाग जाणत होता. मी विचारलं. आर्जव करून विचारलं, चिडून विचारलं.

"तुम्हाला माझी प्रगती बघवत नाही," मी शेवटी म्हणालो.

"नाहीच बघवत," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची प्रगती खुरपं घेऊन येते."

यामागची गोष्ट मला प्रयोगशाळेतल्या रामभाऊंनी सांगितली. मी लागण्याआधीच्या विभागप्रमुखांना बाईंनी एकदा विश्वासानं खर्पुडीची जागा दाखवली होती. आमच्या विषयात झाड मुळासकट वाळवून कागदावर चिकटवतात, खाली ते सापडल्याचा पत्ता लिहितात, आणि असा कागद प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा लागतो. प्रमुखांनी अख्खा वर्ग नेला. प्रत्येकानं आपापला कंद खणला, दाबला, वाळवला, मार्क मिळवले. पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उगवलं नाही.

ऐकून मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. त्यांनी केलं ते मी का भोगावं?

एका रविवारी बाई पिशवी आणि छत्री घेऊन कन्हानच्या बसमध्ये चढल्या. मी मागच्या दारानं चढलो. कन्हानला उतरून त्या नदीकाठानं भर उन्हात चालत सुटल्या. मी झुडपांच्या आडोशानं मागे. तासभर माझी वरात काढून त्या एका उकिरड्याशी थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "या जी पुढं. लागन तेवढं न्या." समोर कमरेएवढं गाजरगवत माजलं होतं. परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी जागा होती. तिथे त्यांनी पिशवी ठेवली.

शेवटी मी प्रबंधात लिहिलं की खर्पुडी या भागात आता आढळत नाही. परीक्षकांनी त्यावरून मला चांगलंच सोललं. बाईंनी तो मजकूर वाचून माझं पहिल्यांदा आणि शेवटचं कौतुक केलं. "हे बेस केलं तुम्ही. आता कोणी येत नाही शोधाले."

मग वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि एका ऑगस्टमध्ये, सकाळीच, त्या माझ्या दारात उभ्या. वाळल्या होत्या. घरात या म्हटलं तर आल्या नाहीत.

"खुरपं हाये काय? घ्या अन् चाला."

रिक्षानं आम्ही हुडकेश्वरला गेलो. माळावर चुन्यानं रंगवलेले दगड रांगेनं रोवले होते, मुरमाचा रस्ता पडला होता, पलीकडे झुडपं तोडणारी माणसं कामाला लागली होती. प्लॉट पडले होते. कोपऱ्यातल्या एका बोरीच्या जाळीपुढे बाई थांबल्या. मी गुडघे टेकले तेव्हा ती दिसली. बारीक वेल, आणि तिच्यावर दोन कंदील, खाली फुगीर, वर जांभळट टोकं एकमेकांना धरलेली.

"एकच वाचली होती," बाई म्हणाल्या. "बाकीच्या कुंडीत नेऊन पाहिल्या पहिले. कुजतात. आता कागदावर तरी राहू द्या. खणा."

"तुम्ही खणा."

"माह्या हातानं होत नाही जी."

माझा इतक्या वर्षांचा संताप तिथे उसळला. "तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तेव्हा सांगतलं असतं तर तुम्ही तेव्हा खणलं असतं."

या एका वाक्यासाठी बाईंचा राग मला आजही येतो. झुडपं तोडणारे जवळ येत होते. मी वेलीकडे हात नेला आणि मनगट आपोआप आखडलं. छत्रीची वाट पाहत क्षणभर तसाच थांबलो. बाई पाठ करून उभ्या होत्या. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

कंद निघाला, सुपारीपेक्षा थोडा मोठा. बाईंनी तो पाहिला नाही.

"पत्ता खरा लिहा," एवढंच म्हणाल्या. "आता कोणालेही सांगा."