प्लॅटिनमची तार

ती धातू वितळवते, ही ओळख तिच्या बापाला फार आवडायची. स्वतः जन्मभर ओतकामाच्या भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस. लेक प्रयोगशाळेत लागली तरी तो म्हणायचा, "शिकून शिकून शेवटी आमच्याच धंद्यात आली की!"

विजेने पाणी फोडलं की हायड्रोजन सुटतो. तो भराभर सुटायला प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनमची किंमत ऐकूनच डोळे पांढरे होतात. तेच काम निकेल आणि मॉलिब्डेनमच्या स्वस्त मिश्रधातूने करावं, या एका ध्यासापायी तिचं लग्न राहिलं, केस पिकले. बाप अंथरुणाला खिळला तसं त्याचंही एकच मागणं उरलं. "मी आहे तोवर तेवढं होऊ दे गं."

आणि झालं! काचेच्या भांड्यात तिच्या मिश्रधातूच्या पट्टीवरून बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली. ऐकून बाप इतका हसला की त्याला खोकला आवरेना. भेटायला येईल त्या जुन्या सोबत्याला त्याने ते ऐकवलं.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. पट्टी वापरून झिजायची, तर ही दिवसेंदिवस सुधारत चालली होती. विजेच्या दुसऱ्या टोकाला तिने, सगळेच लावतात म्हणून, प्लॅटिनमची तार लावली होती. ती मेली कणाकणाने विरघळून पट्टीवर येऊन बसत होती. काम प्लॅटिनमचं, नाव मिश्रधातूचं! तिने तार काढून कार्बनची कांडी लावली, नवी पट्टी बुडवली. बुडबुडे आले, पण रडतखडत. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली.

घरी बापाने विचारलं, "काय म्हणतेय तुझी पट्टी?"

"मस्त चाललंय, बाबा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली.

तो जाईपर्यंत ती रोज मस्तच म्हणत राहिली. तोही रोज शाब्बास म्हणत राहिला.

अंत्यविधी उरकल्यावर बापाचा भट्टीवरचा सोबती चहाला थांबला. तिला राहवलं नाही. "काका, ते सगळं फोल निघालं होतं. मी बाबांना फसवलं."

"माहीत होतं त्याला." काकांनी कप खाली ठेवला. "म्हणाला, लहानपणी नापास झाली की ही मुकाट्याने घरातली सगळी भांडी घासायची. आता माझ्या औषधाच्या पेल्यात तोंड दिसायला लागलंय. पण माझ्यासाठी हसतेय ना, हसू दे. मीही हसतो."

ज्या एका माणसाच्या गळ्यात पडून हे रडून घेता आलं असतं, तो तेव्हा पलीकडच्याच खोलीत होता. तिने त्याला जपलं, त्याने तिला, आणि त्या नादात दोघंही एकटी पडली.

काका गेल्यावर तिने त्यांचा कप विसळायला घेतला. बराच वेळ ती तो घासत राहिली.