पाचवी ओळ

कागदावर पाच ओळी होत्या. मी चार वाचल्या.

सासू चुलीपुढं बसली होती, शेवंता दाराशी. शेवंता म्हणजे माझी धाकटी जाऊ — सातवा महिना लागलेला. चौथी ओळ संपली तशी ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, दवाखान्यातल्या बाई श्रावणाचं काहीतरी बोलल्या होत्या ना?" मी कागदाकडं पुन्हा बघितलं. बघायची गरज नव्हती. म्हटलं, "कागदावर नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढं उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीतरी बोलले. आज तुम्हाला सांगते.

आमचं घर कुळगावात, भाताची शेती. माझा नवरा थोरला, तो शेतात. दीर अंबरनाथच्या एका कारखान्यात लागला, म्हणून त्याच्या बायकोला कारखान्याचा दवाखाना. माझी तीन बाळंतपणं मागच्या खोलीत, सुईणीच्या हातची. तिला डॉक्टर. तिथंच मला टोचलं म्हणा — नाही, खोटं कशाला बोलू? दवाखान्याचं मला काही वाटलं नव्हतं.

वाटलं ते त्या बाईंचं.

डॉक्टरनं शेवंताची पापणी खाली ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाला आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं मुंबईहून येणाऱ्या एक बाई बसत. त्या औषध देत नसत. कुणी काय खावं, किती खावं, एवढंच सांगत, आणि शिकल्याही होत्या तेवढ्याचसाठी. आम्ही त्यांना पथ्याच्या बाई म्हणायचो. मी सोबत गेले, कारण चौथीपर्यंत शिकलेली घरातल्या बायकांत मी एकटी.

बाईंनी विचारलं, "काल काय काय खाल्लंत?"

"उरलं ते," शेवंता म्हणाली.

"उरलं ते म्हणजे किती? भाकर एक, का अर्धी? सोबत काय होतं?"

आणि पेन हातात धरून त्या थांबल्या. शेवंता आठवत बसली, आणि त्या थांबून राहिल्या. मी बाकावर तिच्या शेजारी. मीही मनातल्या मनात माझं मोजून ठेवलं — अर्धी भाकर, तळाची आमटी, कांदा. विचारलं तर तयार असावं म्हणून. बाईंनी लिहून घेतलं आणि वही मिटली.

मला कशाला विचारतील? मी काही पोटुशी नव्हते. पण आत काहीतरी पेटलं ते पेटलंच. आमच्यात पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली, की मग सुना. तीन पोरं मी त्या उरलेल्यावर काढली. काय खाल्लंस, असं मला कुणी एकदा तरी विचारलं होतं का?

घरी आल्यावर सासूनं विचारलं, "काय काय बंद सांगितलंय त्या बाईनं?" पथ्य म्हणजे बंद, हेच तिला ठाऊक.

"बंद काही नाही, आत्याबाई. खायला सांगितलंय."

"मंग ह्याला पथ्य नाय म्हणत. ह्याला लाड म्हणतात!"

पण दीर हटून बसला. मग दूध आलं, नाचणी आली, शेंगदाणे आणि गूळ, रोज एक अंडं. उल्हासनगरच्या कॅम्पातला एक सिंधी सायकलवर अंडी घेऊन यायचा आणि आळीच्या तोंडापासून ओरडायचा, "भाभी, पेटवाली का अंडा आ गया!" अख्खी आळी हसायची, शेवंता पदर तोंडाला लावायची. अंडं उकडायची मी. सोलायची मी. मीठ लावून तिच्या ताटात ठेवायची मी. माझ्या पोरी बघत बसायच्या — पण पोरींवर ढकलत नाही. तोंडाला पाणी माझ्या सुटायचं.

तिनं खाल्लेलं वहीत लिहायचीही मीच. बाईंनी तसं नेमून दिलं होतं. पंधरा दिवसांनी बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंचं अक्षर चांगलं आहे." माझ्या अक्षराचं कौतुक, तेसुद्धा तिला सांगितलं!

दोन महिन्यांत शेवंता भरली. ओठांना रंग आला. मला ते बघवेना. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

मग श्रावण तोंडावर आला. बाई महिनाभर सुट्टीवर जाणार होत्या, म्हणून त्यांनी कागद लिहून दिला. चार ओळी खाण्याच्या. पाचवी अशी होती: "श्रावणातही यातले काही बंद करू नये. उपास धरू नये." बाई तोंडानंही तेच बोलल्या होत्या. शेवंतानं नीट ऐकलं होतं.

पण कागदावर नाही म्हटल्यावर तिला स्वतःचे कान खोटे वाटले. जिला वाचता येत नाही ती कागदाशी कशी भांडणार? मी हे जाणून होते. कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला.

श्रावण लागला आणि अंडं बंद झालं. सोमवार-शनिवारचे उपास सुरू झाले, इतर सुनांसारखे. सिंधी दारावरून तसाच पुढं जायचा. मला बरं वाटत होतं. हेही सांगायला हवं — बरं वाटत होतं. ताटं सारखी झाली होती ना!

शेवटच्या सोमवारी सासू आम्हा दोघींना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेली. पायऱ्यांवर शेवंता कोसळली. दवाखान्यात नेली, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. रक्त थांबेना. डॉक्टर नंतर म्हणाला, एका महिन्याच्या उपासानं असं झालं की दुसऱ्या कशानं, सांगता येत नाही. त्याला कागदाचं ठाऊक नव्हतं. मला होतं.

बाई सुट्टीवरून आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या. "मी लिहून दिलं होतं ना?"

शेवंता म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चुकलं, बाई. कागदावर नव्हतं. जाऊबाईंनी दोनदा बघितलं."

बाईंनी माझ्याकडं हात पुढं केला. "कागद?"

"चुलीत गेला," मी म्हटलं.

मग त्यांनी वही मागितली. श्रावणाची पानं मी अगदी खरी लिहिली होती. सोमवार — उपास. शनिवार — उपास. सुंदर अक्षरात. बाईंनी सगळी पानं बघितली, वही माझ्या हातात परत दिली आणि निघून गेल्या. त्यांना कळलं होतं.

शेवंताला पुढं दोन मुलं झाली. तरी दर श्रावणात एकदा तरी म्हणायची, "तेव्हा मीच नीट ऐकलं नाही." मी नारळ खवत असायची, खवत राहायची. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

आता दोघींचे नवरे गेले. मला दिसतं कमी, तिला चालवत नाही, तरी रोज दुपारी भिंत धरून ती माझ्या खोलीत येते आणि विचारते, "जाऊबाई, काय खाल्लंत?" मी काहीबाही म्हणते. मग ती किती, ते विचारते, आणि मी सांगेपर्यंत थांबते.

मुलगा चार दिवस जगला. शेवंता जगली.