भाड्याचं रिटर्न आणि माझा आणा

आमच्या कामात कागद तारेला टोचून ठेवायची पद्धत. वर्षानं बघावं तर तार वाकलेली असते, आणि एवढे कागद आपण कधी टोचले हे आठवत नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. चार मित्र चहाला बसले की म्हणतात, "दिवाणजी, तो इन्कमटॅक्सचा सांगा." कुठला? मला निदान वीस आठवतात. सांगतो. मध्ये बोलू नका.

मी मराठी चौथी शिकलेला. कोल्हापुरात माझ्याकडं सात मालकांच्या इमारती होत्या. मालकानं इमारत बांधायची. भाडेकरू मी बघायचा, भाडं मी आणायचं, कौलं मी फिरवून घ्यायची, तुंबलेली मोरी मी काढून घ्यायची. ह्या सगळ्याचा मला रुपयामागं एक आणा. खर्च आणि माझा आणा वजा करून उरलेली रक्कम रुमालात बांधायची आणि मालकापुढं ठेवायची. मालक रुमाल सोडायचे, पैसे घ्यायचे, रुमाल परत द्यायचे. एकूण भाडं किती, हे विचारायची रीत नव्हती. विचारणं म्हणजे संशय घेणं.

मग संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं आणि पाठोपाठ इन्कमटॅक्सचा फॉर्म आला. फॉर्म म्हणे, तुमच्या हातात काय पडलं ते नको, भाडेकरूनं काय दिलं ते लिहा. खर्च नंतर वजा करू. म्हणजे माझ्याकडून वर्षाचा उतारा घेणं आलं. सातही मालकांनी पूर्ण आकडा पहिल्यांदा बघितला. आणि मग माझ्याकडं बघितलं!

पंचवीस वर्षं मी ह्या गावात मान वर करून चाललो होतो. आता नाव राहतं की जातं, एवढाच प्रश्न उरला. हसा खुशाल, पण हे ध्यानात ठेवून हसा.

०

पहिले आले आण्णा. जैन शेतकरी. उचगावात मळा, लक्ष्मीपुरीत सहा गाळे. त्यांनी कुणाला न विचारता रिटर्नमध्ये हातात पडलेले बाराशे लिहून टाकले. इन्कमटॅक्सच्या साहेबांनी माझ्याकडून उतारा मागवला आणि आण्णांना नोटीस आली. आण्णांनी सायकल भिंतीला टेकवली आणि दारातूनच ओरडले.

"दिवाणजी, मला मिळालं बाराशे! सायेब म्हणतोय चौदाशे चाळीस! मधलं दोनशे चाळीस कुठं गेलं?"

"दीडशे दुरुस्तीला. नव्वद माझे."

"नव्वद? नुसतं दारोदार हिंडायचं नव्वद?"

मी पावतीपुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. "ह्या महिन्यात तुम्ही हिंडा."

आण्णा रागानं पुस्तक घेऊन गेले. चौथ्या दिवशी परत आले. पुस्तक कोरंच होतं.

"वसूल किती?" मी विचारलं.

"वसूल न्हाय." आण्णा खाली बसले. "सतरा रुपये उसनं दिऊन आलो."

मी पुस्तक माझ्याकडं ओढून घेतलं.

"अवो, त्यो तीन नंबरवाला रडतोय की ढसाढसा! तुमच्यापुढं रडत न्हाय व्हय?"

"रडतो. मी तोवर पावती लिहितो."

आण्णांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाले, "नव्वद कमीच हाईत वो!"

०

निवृत्त हेडमास्तरांची गोष्ट उलटी. त्यांच्या दोन चाळी. वर्षाचं भाडं अठराशे. कायदा असा होता, की दुरुस्तीपोटी भाड्याचा सहावा हिस्सा वजा मिळायचा. खर्च किती केला हे कुणी विचारायचं नाही. म्हणजे हेडमास्तरांना तीनशे वजा. खर्च झालेला बावीस रुपये.

हेडमास्तर सही करीनात.

"मी बावीस खर्च केले आणि तीनशे कसे सांगू? जन्मभर मुलांना काय शिकवलं मी?"

वकिलांनी समजावलं. साहेबांनी समजावलं. साहेब तर म्हणाले, "गुरुजी, हा तुमचा हक्क आहे. सोडू नका."

"हक्क असेल. पण खरं नाही ना!"

शेवटी सही केली. घरी आले आणि मला बोलावणं धाडलं. "दिवाणजी, दोनशे अठ्ठ्याहत्तर रुपयांची दुरुस्ती काढा. आजच्या आज."

"काही मोडलेलं नाही."

"मग शोधा!"

मी शोधलं. दोन्ही चाळींची कौलं फिरवली. मोऱ्यांना फरशी घातली. संडासाला नवीन दारं केली, आतून कडीसुद्धा. तरी अकरा रुपये उरले, त्याचा जिन्याला कठडा केला. भाडेकरूंना काय चाललंय हे कळेना. एका म्हातारीनं मला अडवून विचारलं, "ह्ये समदं कोन करतंय, लेकरा?"

"इन्कमटॅक्स," मी म्हणालो.

म्हातारीनं हात जोडले. "त्यांचं भलं होऊ दे!"

०

एक सराफ मालक होते. हिशोबाला पक्के. त्यांनी कुठूनसं शोधून काढलं, की वसुलीचा खर्च सरकार शेकडा सहापर्यंतच धरतं. माझा रुपयामागं आणा म्हणजे शेकडा सव्वासहा. वरचा पाव त्यांच्या अंगावर.

"तो पाव सोडा, दिवाणजी."

"नाही."

"सरकारनं ठरवलंय!"

"माझा आणा सरकारच्या आधीचा आहे."

महिन्याचा फरक साडेसहा आणेसुद्धा नव्हता. पण ते म्हणाले तत्त्वाचा प्रश्न आहे, मी म्हणालो माझाही आहे. तीन दिवस त्यांच्या दुकानात बसून वाद चालला. चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून त्यांच्या आई बाहेर आल्या.

"चार दिसात बारा आण्याचा चहा प्यालासा दोघांनी," त्या म्हणाल्या. "ही वजावट कोन देणार हाय?"

०

आता माझी चूक. एकच केली, ती सांगतो.

जोशीबुवांच्या वाडवडिलांपासूनची रीत, की भाडं मराठी महिन्यानं घ्यायचं. प्रतिपदेला मी दारात. वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मी तसाच उतारा लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला. साहेब बाहेरगावचे, शांत माणूस. त्यांनी बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"दिवाणजी, एका वर्षात तेरा महिन्यांचं भाडं?"

"अधिक महिना होता, साहेब."

"भाडेकरूंनी दिलं?"

"दिलं की. राहिले, मग दिलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला मात्र बाराच पगार मिळाले हो!"

त्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षापासून इंग्रजी महिना धरा. मी तो निरोप बुवांना दिला. बुवा जपमाळ थांबवून म्हणाले, "आणि अधिकातलं दान कुठल्या महिन्यात करायचं, हे नाही सांगितलं त्यांनी?"

०

मंगळवार पेठेतले सुभेदार. वर दोन भाडेकरू, खाली ते आणि त्यांची मंडळी, म्हणजे आमच्या काकी. फॉर्ममध्ये असं होतं, की मालक स्वतः राहतो त्या घराचंही भाडं येऊ शकतं, तेव्हा ते उत्पन्नात धरा. वकिलांनी हे वाचून दाखवलं. सुभेदारांच्या मिशा थरथरल्या.

"माझ्या घरात मी राहतोय. मला भाडं कोन देतंय?"

"तुम्हीच तुम्हाला देता, असं धरायचं," वकील म्हणाले.

"मी तर कवाच दिलं न्हाय!"

"दिलं असं धरायचं."

सुभेदार पलटणीतले. हुकूम समजला नाही तरी पाळायची सवय. एक तारखेला मी वरच्या मजल्याचं भाडं घेऊन खाली उतरलो, तर सुभेदार दारात ताठ उभे. "दिवाणजी, आमचं बी घ्या. उगं कागदावर खोटं नको." त्यांनी उजव्या खिशातून पंचवीस रुपये काढून मला दिले. मी पावती लिहिली, माझा आणा कापला आणि उरलेले मालक म्हणून त्यांनाच परत दिले. त्यांनी ते डाव्या खिशात ठेवले. असं तीन महिने चाललं.

चौथ्या महिन्यात सुभेदारांचं पेन्शन लांबलं. खिसा मोकळा. मी पावतीपुस्तक मिटलं.

आतून काकी म्हणाल्या, "भाडं थकलं न्हवं?"

"थकलं, काकी."

"मग काढा की भायेर! मी तीस वर्षं वाट बघतोय!"

०

आता आक्कांचा सांगतो. हा मी फार वेळा सांगितलेला नाही. त्यातलं आता कुणी राहिलेलं नाही, म्हणून सांगतो.

आक्का विधवा. शनिवार पेठेत नऊ खोल्यांची चाळ. तिथली रीत अशी, की एक तारखेला सकाळी मी नळाजवळ स्टूल टाकून बसायचो आणि खोलीच्या नंबरानं हाक मारायचो. हाक आली की माणूस यायचा, पैसे द्यायचा, पावती घ्यायचा. नऊ घरं बघत असायची. ज्याला हाक नाही, त्याचं भाडं थकलं हे सगळ्या चाळीला कळायचं.

पाच नंबरला एक सुतार. स्टुडिओत सेट उभे करायचा. स्टुडिओ बंद पडला, काम गेलं. घरात लग्नाची मुलगी. मी आक्कांना सांगितलं.

आक्का म्हणाल्या, "त्याला बी हाक मारायची. पावती बी द्यायची. पैसं मागायचं न्हाय. आनि ह्ये तू, मी नि त्यो. चौथ्याला कळाय नको."

मी शब्द दिला. एक तारखेला पाच नंबरला हाक मारली. सुतार आला. नऊ घरांसमोर त्यानं मूठ माझ्या तळहातावर ठेवली आणि उघडली. मुठीत काही नव्हतं. मी मूठ मिटली, खिशात घातली आणि बारा रुपयांची पावती लिहिली. अशा बारा पावत्या झाल्या.

रिटर्नची वेळ आली. आक्कांचा पुतण्या कॉलेजात शिकलेला. त्यानं माझ्या पावत्यांच्या स्थळप्रती मोजल्या, मी आक्कांना दिलेले पैसे मोजले आणि थेट साहेबांपुढं जाऊन म्हणाला, "एकशे चव्वेचाळीस रुपये दिवाणजींनी खाल्ले!"

मला बोलावणं आलं. साहेबांनी दोन्ही कागद माझ्यापुढं ठेवले. "पावत्या तुमच्या?"

"माझ्या."

"बारा महिन्यांचं भाडं मिळालं असं तुम्हीच लिहिलंय. मालकिणीला दिलेलं नाही. पैसे कुठं आहेत?"

एका वाक्यात सुटलो असतो. पण शब्द दिला होता. आणि दारात उभा असलेला ऑफिसचा शिपाई त्याच चाळीत सात नंबरला राहायचा. इथं बोललेलं संध्याकाळी नळावर गेलं असतं.

मी म्हणालो, "हिशोब बरोबर आहे."

"दिवाणजी," साहेब हळू बोलले, "सात मालकांचे रिटर्न तुमच्या उताऱ्यावर उभे आहेत. तुम्ही एकाचे पैसे खाल्ले असं मी लिहिलं, तर बाकीचे सहा तुम्हाला दारात उभं करतील का?"

"नाही करणार."

"मग बोला."

मी पुन्हा तेच म्हणालो, "हिशोब बरोबर आहे."

साहेबांनी आक्कांना बोलावणं पाठवलं. आक्का टांग्यानं आल्या. डोक्यावरून पदर, हातात पितळेचा पानाचा डबा. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "उभीच बरी हाय." पुतण्या बाजूला छाती काढून उभा. शिपाई दारात.

साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. "बाई, ह्या माणसाविरुद्ध तुमची तक्रार आहे?"

"हाय की!" आक्का म्हणाल्या.

पुतण्या हसला.

"इतकी वर्सं येतोय, अजून माझ्या घरात पानी सोडून काय घेतलं न्हाय ह्यानं. लई ताठा हाय."

"ते नव्हे, बाई. पैशाची तक्रार. पाच नंबरचं भाडं तुम्हाला मिळालं का?"

"मिळालं."

"काकू!" पुतण्या ओरडला.

"तू गप. भाडं माझं हाय का तुझं?"

"पण हिशोबात दिसत नाही," साहेब म्हणाले.

"ह्यानं मला पै न पै दिलीया. दिसत न्हाय त्ये बी दिलंय."

"मग ते पैसे कुठं आहेत?"

"माझ्या घरात काय कुठं हाय, त्ये बी फॉर्मात लिवायचं असतंय व्हय?"

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "हे बघा बाई. भाडं बुडालं असेल तर तसं सांगा, मी वजा करायचं बघतो. मिळालं म्हणालात, तर त्यावर कर द्यावा लागेल. न मिळालेल्या पैशावर कर द्यावा, असं मला वाटत नाही."

"मिळालं म्हनून सांगितलं न्हवं? लावा कर. त्यासाठीच तर टांग्याला पैसं घालून आलोय."

साहेबांनी आक्कांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग पुतण्याचा कागद उचलला, त्याच्या दोन घड्या घातल्या आणि तो पुतण्याच्या हातात दिला. फाइलवर काहीतरी लिहिलं, सही केली. आक्का वळून दारापर्यंत गेल्या. शिपायानं दार उघडून धरलं.

"बाई," साहेबांनी मागून विचारलं, "त्या पाच नंबरच्या खोलीत राहतं तरी कोण?"

आक्का थांबल्या. पदर सारखा केला.

"का वो सायेब? तुमास्नी खोली पायजे व्हय? मोकळी न्हाय ती. मानूस ऱ्हातोय तिथं."