चाळीस खाटा आणि लुसीची वही

नर्सच्या नोकरीत किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ड्यूटी संपवून घरी यावं, युनिफॉर्म धुवायला काढावा, तर खिशातून कापूस निघतो, सेफ्टीपिन निघते, थर्मामीटरची रिकामी डबी निघते. तसेच हे निघतात. उद्या बघू म्हणून बाजूला ठेवायचे, आणि राहून जातात. आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पाय वर करून बसले की एकेक आठवतो. पाय दुखतात ते मात्र तसेच.

माझ्याकडचे बरेचसे किस्से लुसीचे आहेत.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. वसईतलं आमचं हॉस्पिटल छोटं, चाळीस खाटांचं. दिवसपाळीला सिस्टर दोन, मी आणि लुसी. हाताखाली आमची आया हिराबाय, पाचूबंदरची. आणि वर मेट्रन. लुसी माझ्याच बॅचची. मध्ये मुंबईला जाऊन ती वर्षभराचा पुढचा कोर्स करून आली आणि येताना एक जाडजूड वही घेऊन आली. तिथल्या लायब्ररीतली परदेशी नर्सिंगची मासिकं वाचून तिनं त्यात पानंच्या पानं उतरवून घेतली होती. आपण वॉर्डात जे करतो त्यातल्या कशाचा पेशंटला खरंच उपयोग होतो आणि काय नुसतं चालत आलंय, हे तिकडच्या नर्सेस म्हणे स्वतः तपासून बघतात!

"नर्स तपासते?" मेट्रननी विचारलं. "डॉक्टर सांगतात ते करायचं सोडून?"

"मॅडम, आपण एखादी गोष्ट का करतो ते आपल्याला कळलेलं बरं नाही का?"

मेट्रननी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. "सिस्टर, आपण ती करतो, कारण सकाळचे नऊ वाजलेत!"

* * *

सुरुवात थर्मामीटरपासून झाली.

आमच्याकडं थर्मामीटर जिभेखाली एक मिनिट ठेवायची पद्धत. लुसीची वही म्हणत होती, एका मिनिटात पारा पुरता चढतच नाही. "करून बघू या," ती म्हणाली. हे तिचं नेहमीचं वाक्य. ते ऐकलं की माझी कंबर आधीच दुखायला लागायची.

एका रांगेतले पेशंट घेतले. एका मिनिटाला बघायचं, लिहायचं, न झटकता परत तोंडात ठेवायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं. थर्मामीटर सगळे मिळून चार. अख्खी सकाळ त्यातच गेली. माझ्या चादरी बदलायच्या राहिल्या, ड्रेसिंग राहिली.

पाचूबंदरचा एक म्हातारा तांडेल होता, उभा जन्म होडीवर काढलेला. त्यानं इमानानं पाच मिनिटं ओठ मिटून धरले. नळी काढल्याबरोबर म्हणाला, "शिस्टर, एवढा वेळ तोंडान धरायची तं दुसऱ्या टोकाला पेटवून तरी द्या!"

पण लुसीचं खरं निघालं. एका मिनिटाला जे नॉर्मल होते, त्यांतल्या दोघातिघांना पाच मिनिटांनी चांगला ताप! ती कागद घेऊन डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी कागदावरची नावं बोटानं एकेक करून मोजली.

"म्हणजे काल ताप नाही म्हणून मी ज्यांना घरी सोडलं…"

"हो सर."

"आजपासून पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाले. मग हळूच, "आणि हे बाहेर बोलू नका."

* * *

पाठीच्या जखमांचं तर काय सांगू! खाटेवर पडून राहिलेल्या पेशंटची पाठ लाल झाली की आम्ही स्पिरिट लावून चोळायचो, वर पावडर. जखम उघडी पडलीच तर अंड्याचं पांढरं फेटून लावायचं. असंच शिकवलेलं, असंच चाललेलं. पांढरं पेशंटच्या पाठीला जायचं. पिवळं किचनमध्ये जायचं आणि सकाळी डॉक्टर लोकांच्या आणि ऑफिसातल्या मंडळींच्या पावाबरोबर ऑम्लेट होऊन यायचं.

लुसीनं अंडं बंद केलं. लाल जागा चोळणंही बंद. त्याऐवजी दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची आणि खाटेला टांगलेल्या कागदावर वेळ लिहायची.

कूस बदलणं लिहायला सोपं आहे हो. करायला दोन बायका लागतात आणि दोन कंबरा. आम्ही तिघी. एक मी, एक लुसी, एक हिराबाय. दुपारी जेवणाचा डबा उघडला की हिराबाय घड्याळ बघायची. "चला, आता सात नंबर उलटा!" मासे भाजायला ठेवल्यासारखी बोलायची.

महिन्याभरात दोन जुनाट जखमा भरत आल्या. नवी एकही झाली नाही. आम्हाला मात्र उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं.

मग एका मीटिंगमध्ये ऑफिसचे हेडक्लार्क उभे राहिले आणि म्हणाले, "या नव्या पद्धतीमुळं स्टाफचे फार हाल होतायत."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, चला, आमच्या कंबरेची कुणाला तरी कणव आली!

ते ऑम्लेटबद्दल बोलत होते.

* * *

लुसीच्या वहीत आणखी एक होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला सगळं नीट समजावून सांगितलं, काय होणार, किती दुखणार, पुढं काय पाळायचं, तर तो कमी घाबरतो आणि लवकर बरा होतो.

खाडीकडच्या गावचा एक शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. मुकाट माणूस. लुसी त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि अर्धा तास बोलली. भूल कशी देतात, टाके कुठं येतात, खोकताना पोटावर हात कसा धरायचा. तो मान हलवत होता. शेवटी ती म्हणाली, "आणि काका, नंतर तीन महिने जड वजन उचलायचं नाही."

सकाळी ऑपरेशनच्या वेळेला खाट रिकामी! घोंगडीसुद्धा घडी करून ठेवलेली.

मेट्रननी लुसीला सगळ्यांदेखत झापलं. "बघितलंत? इतकी वर्षं आम्ही काही सांगितलं नाही, एक पेशंट पळाला नाही!" लुसी दोन दिवस जेवली नाही धड.

आठव्या दिवशी तो माणूस आपल्या पायांनी परत आला. पिशवीत टॉवेल, तांब्या, सगळी तयारी.

"काका, घाबरून पळालात ना?" लुसीनं विचारलं.

"घाबरतोय कशाला?" तो म्हणाला. "तुम्हीच म्हनाला ना, तीन महिने वजन उचलायचं नाय. मग भाताचे भारे उचलून आलो. आता काय ते कापा!"

* * *

पेशंटला जे स्वतःला जमतं ते त्याचं त्यालाच करू द्यावं, अशीही एक थिअरी होती. आपण फक्त त्याला न जमणारं तेवढं करायचं. लुसीनं हे आम्हाला समजावून सांगितलं, तेव्हा हिराबायनं एकच प्रश्न विचारला, "म्हंजे काम कमी का जास्त?"

"कमी," लुसी म्हणाली. खोटं बोलली.

माणिकपूरच्या शाळेतले एक रिटायर्ड मास्तर होते. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली. त्यांच्या शर्टाची बटणं लावायला मला अर्धं मिनिट लागायचं. लुसी म्हणाली, हात नाही लावायचा. मास्तर डाव्या हातानं लावायला लागले. पहिलं बटण लागेपर्यंत माझा जीव गोळा झाला. सुटायचं, परत. सुटायचं, परत. समोर उभं राहून बघायचं आणि आपला हात पुढं जाऊ द्यायचा नाही. मी चाळीस खाटा धावत केल्या आहेत, पण तशी दमले नाही कधी.

मास्तरांच्या सूनबाईंनी तक्रार केली. "सिस्टर लोक नुसत्या उभ्या राहून मजा बघतात!"

मेट्रन तरातरा आल्या. बघतात तर खरंच! मास्तर घामाघूम, आणि समोर लुसी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी.

"सिस्टर, काम का नाही करत?"

"करतेय मॅडम," लुसी म्हणाली. "हात मागं धरून ठेवणं हेच काम आहे."

मेट्रन काही बोलणार, तेवढ्यात मास्तरच वाकड्या तोंडानं ओरडले, "ग… गप्प बसा! तिसरं लागतंय!"

* * *

अर्नाळ्याची एक आजी नातवाला घेऊन आली. जुलाबानं पोर सुकलेलं. डोळे खोल गेलेले, पण तोंडानं घेत होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि लुसीकडं बघून म्हणाले, "तोंडानंच द्या, तुमच्या वहीत आहे तसं." उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि मीठ मापून घालायचं आणि चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. तेव्हा ते नवीन होतं.

आजी उखडली. "साखरपानी? ते का घरी नाय माझ्या? हगवनीत पानी देतात का कधी? बाटली लावा!" बाटली म्हणजे सलाईन. सलाईन लावली म्हणजे औषध झालं, असं सगळ्यांचंच मत.

आजीनं पोराला उचललं आणि दाराकडं निघाली. ती गेली असती तर पोर वाटेतच गेलं असतं. लुसीनं सलाईनची रिकामी काचेची बाटली स्वच्छ उकळून घेतली, साखरमिठाचं पाणी तीत भरलं, ती स्टँडला अडकवली आणि स्टँड खडखडत आजीसमोर आणून उभा केला.

आजीनं वर बघितलं. "ही लावा की मग!"

"लावते. पण ही तोंडातून लावायची बाटली आहे."

आजी खाली बसली. रबरी नळीतून वाटीत, वाटीतून चमच्यात, चमच्यातून तोंडात. संध्याकाळपर्यंत आजीनंच पाजली. दुसऱ्या दिवशी पोरानं हिराबायच्या साडीवर लघवीची धार सोडली, आणि अंगात पाणी मुरलं म्हणून लुसी आनंदानं टाळ्या वाजवायला लागली. हिराबाय तिच्याशी दिवसभर बोलली नाही.

पुढं कितीतरी दिवस अर्नाळ्याच्या बायका यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "ती तोंडातली बाटली हितंच लावतात ना?"

* * *

लुसी नंतर गल्फला गेली. वही घेऊनच गेली. मेट्रनही रिटायर झाल्या. पुढं काही वर्षांनी वरून छापील पत्रक आलं. पाठीला चोळू नये, कूस बदलावी, जुलाबात पाणी पाजावं, वगैरे. नव्या मेट्रननी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, आता तुम्हा जुन्या लोकांना हे सगळं नवीन शिकावं लागेल हं!"

मी म्हटलं, "प्रयत्न करते."

* * *

आता शेवटचं एक. हे लुसी असतानाचं.

मुलांच्या वॉर्डात आईबापांना फक्त चार ते सहा यायची परवानगी. सहाला मेट्रन स्वतः हातात पितळी घंटा घेऊन व्हरांड्यातून वाजवत जायच्या. लुसीचं म्हणणं, आईला दिवसरात्र राहू द्या. आईपासून तुटलेलं मूल आतून आजारी पडतं, असं सिद्ध झालंय.

"तिकडं झालं असेल," मेट्रन म्हणाल्या. "इथं करून दाखवा."

लुसीनं कागद आखला. प्रत्येक मुलाचं नाव, आणि ते जितक्यांदा रडेल तितक्या खुणा. पेन्सिल माझ्या हातात. दोन आठवडे मी रडणं लिहीत होते.

कागद मेट्रनपुढं गेला. त्या हसल्या. "बघा! आया आल्या की रडणं. घंटा झाली की रडणं. बाकी दिवसभर शांत. तुमचाच कागद सांगतोय." मग एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही बघा शहाणी. एकदासुद्धा नाही!"

ती चंद्री. तीन वर्षांची, मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनाला टांगलेला. तिची आई मिठागरावर कामाला. काम सुटून ती इथवर यायची तोवर सहा होऊन जायचे आणि वॉचमन तिला फाटकावरून परत पाठवायचा. चंद्री कुणालाच त्रास देत नव्हती. खाऊ दिला तर खायची, नाही दिला तर छताकडं बघायची.

लुसीनं कागद उचलला, परत वॉर्डात आणून टांगला आणि मला म्हणाली, "तू लिहीत राहा."

त्याच शनिवारी चंद्रीची आई अर्ध्या कामावरून पळत आली. पावणेसहा झाले होते. पायांना पोटऱ्यांपर्यंत मीठ सुकून पांढरं झालेलं. ती खाटेशी वाकली.

"चंद्रे. मी आले गो."

चंद्रीनं तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "शिस्टर, ही बाई कोन?"

आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

ती बाई खाली फरशीवर बसली आणि खाटेवर हात ठेवून पोरीची पाठ थोपटायला लागली. लुसी औषधांच्या कपाटाकडं तोंड करून उभी राहिली. मी घड्याळाकडं बघितलं, तर सहा वाजून गेलेले. दारात मेट्रन होत्या. त्यांनी घंटेचा लोलक दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला होता. कधीपासून तिथं होत्या, मला माहीत नाही.

बऱ्याच वेळानं, भिंतीकडंच तोंड ठेवून, चंद्रीनं हात मागं आणला आणि त्या बाईचा अंगठा धरला. आणि रडायला लागली. असं रडली की पलीकडच्या वॉर्डातून हिराबाय धावत आली.

मेट्रन आत आल्या. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कागदावर चंद्रीची ओळ शोधली आणि तिथं एक खूण केली. सावकाश, ठळक.

मग त्या बाईकडं वळून नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "बाई, झोपताना उशी लागते का तुला?"