मांजरीने खाणं सोडलं तेव्हा

आम्ही अमेरिकेत रेडमंडला राहत असताना आमच्या मांजरीने एकाएकी खाणं सोडलं. व्हेटने रक्त तपासलं, एक्सरे काढला, सगळं नॉर्मल. "कारण सापडत नाही," व्हेट म्हणाली, "पण उपाशी राहिली तर लिव्हर जाईल. सिरिंजने भरवा."

मी ऑफिसातून रजा घेतली. नवरा मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचा आणि मी जबड्याच्या कडेने पातळ खाणं सोडायचे. निम्मं ती थुंकायची. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या अंगठ्यात दात रुतवले आणि पलंगाखाली शिरली.

"बास कर. आपण तिचे हाल करतोय," नवरा म्हणाला.

"मग काय मरू देऊ?" मी ओरडले.

मी जमिनीवर पालथी पडून पलंगाखाली हात घातला. ती गुरगुरली, आणि मग माझ्या बोटाला लागलेलं खाणं तिने चाटलं. मी श्वास रोखून बोट पुन्हा वाटीत बुडवलं. तिने पुन्हा चाटलं.

आठवड्याभरात ती आपणहून खाऊ लागली. तिला काय झालं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे कित्येक महिने ती वाटीशी गेली की आम्ही दोघं बोलता बोलता थांबायचो.