चौथ्या पिंजऱ्यातलं पथ्य

लॅबमधले किस्से कुणी लिहून ठेवत नाही. रजिस्टरमध्ये उंदरांची वजनं लिहिली जातात, माणसांचं काय झालं ते नुसतं डोक्यात साचत राहतं. लखनौत दहा-बारा वर्षं काढली, आणि माझ्याकडे साचलेत ते बहुतेक मिश्राजींचेच.

मिश्राजी आमच्या अ‍ॅनिमल हाउसचे अटेंडंट. देह अवाढव्य, त्यात दमा. निशातगंजहून सायकलने यायचे आणि जिन्यात बसून दम्याचा पंप ओढायचे. आमचं संशोधनही त्यावरच: दमा झालेल्या लठ्ठ उंदरांच्या श्वासनळ्या जास्त सुजतात का? मिश्राजी म्हणाले, "चूहों को काहे तकलीफ़ दी साहब? हमीं से पूछ लेते."

एका जूनमध्ये तुलनेसाठी साध्या खाण्यावर ठेवलेल्या बारीक गटातले उंदीर फुगायला लागले. पीएचडी करणारी आमची साताऱ्याची वैशाली रडकुंडीला आली. शेवटी कळलं, मिश्राजी त्यांना मलिहाबादचे दशहरी आंबे चारत होते. "एक तरफ चर्बीवाली दावत, दूसरी तरफ सूखा दाना. पाप लगता है, मैडम." चार महिन्यांचं काम पाण्यात! वैशाली आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

माझी मुलगी एकदा पिंजरे बघायला आली. मी मराठीत समजावतोय, तर ही हिंदीत म्हणते, "पापा, मोटेवाले और अंकल एक जैसे हाँफते हैं." मिश्राजी हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या हिवाळ्यात त्यांना दोनदा ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरवा, नाहीतर कठीण आहे. ऐकतील तर शपथ. पण वैशालीने चौथ्या पिंजऱ्यातल्या लठ्ठ उंदरांना साध्या खाण्यावर आणलं, तेव्हा आपणहून म्हणाले, "चलिए, हम भी इन्हीं के साथ." डब्यातल्या पुऱ्या गेल्या, कोरड्या रोट्या आल्या. दोनेक महिन्यांत मिश्राजी न थांबता जिना चढायला लागले. मला खरंच फार बरं वाटलं.

मग प्रयोग संपला. फुप्फुसं तपासायची म्हणजे उंदीर मारावेच लागतात, चौथ्या पिंजऱ्यातलेही. काचपट्ट्या तयार झाल्यावर वैशालीने मिश्राजींना हौसेने मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

"देखिए, सूजन उतर गई. आपकी भी उतरेगी."

मिश्राजी बराच वेळ बघत राहिले.

"मतलब, ये ठीक हो गया था?"

"एकदम."

"और पिंजरा हमसे ही मँगवाया आपने."

मिश्राजी उठले आणि कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिश्राजींनी डबा उघडला. पुऱ्या होत्या.