कोणालाच न लागणारा ग्रह

लोहाऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई कॉलेजात शिकवते आणि घरी दूरच्या ग्रहांच्या हवेत कोणते वायू आहेत ते शोधते. ओली ओढणी दोरीवर टाकण्याआधी ती उन्हासमोर धरते आणि तिच्यातून येणारा उजेड बघत राहते. बोलताना वाक्य मधेच थांबवते, जणू पलीकडून काही यायचं आहे.

ती ग्रह बघते एवढंच ऐकून शेजारच्या काकू लेकाची पत्रिका घेऊन आल्या. मीच त्यांना वर नेलं. ती हसली नाही. तिनं काकूंना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ताऱ्याच्या उजेडाच्या आलेखात एका रेषेला पडलेला खड्डा दाखवला.

"हा ग्रह त्याच्या ताऱ्यासमोरून जाते, तवा याच्या हवेतली वाफ थोडा उजेड खाते. म्हणून इथं..." ती थांबली. "तिथं वाफ हाय, काकू."

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. "हा कोणाले लागते वं?"

"कोणालेच नाही."

काकूंनी पुन्हा त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग पत्रिकेची घडी करत हळूच म्हणाल्या, "कोणाच्याच वाइटावर नसलेला ग्रह मी पहिल्यांदा पाहून राह्यली."

आता कोणी कामाबद्दल विचारलं, की ती म्हणते, "कोणाच्याच वाइटावर नसलेले ग्रह बघते." एवढं एकच वाक्य ती न थांबता बोलते.